खालच्या पट्टीत

सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधली ती भाड्याची खोली बघायला मी गेले तेव्हा बाईंनी मला पगार विचारला नाही, नोकरीच्या कुठल्या पासवर आली आहेस तेही विचारलं नाही. दार उघडून त्या म्हणाल्या, "नाव सांग." मी सांगितलं. "आता स्वयंपाकघरात जाऊन सांग." मी चपला काढल्या, आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून माझं नाव आडनावासकट पुन्हा सांगितलं. बाहेरच्या खोलीत बाई डोळे मिटून, मान जराशी कलती करून उभ्या होत्या.

"चालेल," त्या म्हणाल्या. "सकाळी कानांना त्रास होणार नाही. कधी येतेस राहायला?"

तोवर मी बरीच घरं पालथी घातली होती. फोडणी हा शब्द सिंगापूरच्या घरमालकांना माहीत नसला तरी तिचा वास त्यांना चांगला माहीत असतो. 'इंडियन' म्हटलं की फोनवरच "नो कुकिंग हं" असं ऐकू यायचं. म्हणून मीच आपणहून सांगून टाकलं, की मी रोज स्वयंपाक करते, हिंग-मोहरीचा वास येतो आणि कुकरही लावते. एवढ्यातलं बाईंनी शेवटचंच ऐकलं.

"कुकर? शिट्टी वाजते तो?"

"हो."

"कुठल्या सुरात वाजते?"

राहायला गेले त्या आठवड्यात मी डाळभाताचा कुकर लावला, तेव्हा बाई आपल्या खोलीतून उठून आल्या, गॅसशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि प्रत्येक शिट्टीबरोबर तिच्या खालचा एक सूर लावत राहिल्या. झाकण पडल्यावर म्हणाल्या, "तुझी गायिका चांगली आहे. फक्त श्वास फार घेते."

मी त्यांना बाई म्हणायचे. ब्लॉकमधले सगळे 'आंटी' म्हणत आणि त्या हाकेला त्या ओ देत नसत. शाळेत मास्तरणींना म्हणायचो तसं मी 'बाई' म्हणायला लागले, तेव्हा त्यांनी तो शब्द स्वतःशी म्हणून पाहिला, शेवट जरा लांबवून पाहिला आणि ठेवून घेतला. आमचं बोलणं इंग्रजीतून चाले. त्यांचं इंग्रजी तुटक, माझं पुणेरी. इथे मी ते मराठीतच सांगते आहे.

बाई जपानी होत्या. साठीच्या आसपासच्या, किरकोळ अंगाच्या. पांढरे केस आरशासमोर बसून स्वतःच कापायच्या, त्यामुळे एका कानावर ते नेहमी थोडे लांब असत. त्यांचे पती सिंगापूरचे चिनी गृहस्थ, मी जाण्याच्या काही वर्षं आधी वारलेले. घरात पुस्तकं फार नव्हती, टीव्ही नव्हता. एक जुना उभा पियानो होता आणि त्याच्याशेजारी, कधीही घडी न घातलेलं, इस्त्रीचं टेबल.

त्या इस्त्रीचं प्रकरण मला दुसऱ्याच संध्याकाळी कळलं. मी ऑफिसातून आले, तर बाई दारातच उभ्या.

"तुझ्याकडे काही चुरगळलेलं आहे का?"

मला वाटलं, घराची शिस्त सांगतायत. मी ओशाळून म्हटलं, "बॅग अजून उघडली नाही, उद्या लावून टाकते सगळं."

"लावू नकोस. मला दे."

बाई गाणी लिहीत. मुखडा आंघोळ करताना सुचतो, असं त्या सांगायच्या, पण अंतरा इस्त्री केल्याशिवाय सुचत नाही. घरातले आपले सगळे कपडे इस्त्री करून झाले की त्यांचं गाणं अडायचं. माझ्या आधी त्यांच्याकडे एक फिलिपिनो नर्स राहायची. तिचा गणवेश न चुरगळणाऱ्या कापडाचा होता. त्या मुलीच्या दोन वर्षांत एकही गाणं धड पूर्ण झालं नाही, असं बाई खेदाने सांगत. "ज्या कापडाला सुरकुतीच पडत नाही, त्याला सांगायचं काय असणार?"

माझ्याकडे सुती कुर्ते होते, खादीच्या ओढण्या होत्या, आईने दिलेल्या दोन-तीन इरकली साड्या होत्या. बाईंना घबाडच मिळालं. गाणं सुरळीत चाललं असेल तर कुर्त्याची घडी सुरीसारखी यायची. अडलं असेल तर एकच बाही इतक्या वेळा इस्त्रीखाली जायची, की कापड चकाकायला लागायचं. वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. तिथे सगळे टी-शर्टात यायचे आणि मी लग्नाला निघाल्यासारखी कडक इस्त्रीत. साड्या मात्र मला उगाचच नेसाव्या लागायच्या, कारण बाई विचारायच्या, "ती लांबलचक कधी चुरगळणार?"

गाणं पूर्ण झालं की त्या पियानोवर बसून एकदा म्हणायच्या, खालच्या आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखं. मग झाकण लावायच्या. मी विचारलं होतं, की ही गाणी कुणासाठी लिहिता? त्यांना प्रश्नच कळला नाही. "तू भात कुणासाठी लावतेस?" त्या म्हणाल्या. "भूक लागते म्हणून ना?"

बाहेरही त्यांचं सगळं कानाने चाले. ब्लॉकच्या दोन लिफ्टपैकी एकीची घंटा किंचित उतरलेली होती, म्हणून त्या दुसरीची वाट बघत उभ्या राहायच्या, हातात पिशव्या असल्या तरी. खाण्याच्या दुकानांच्या हॉकर सेंटरमध्ये आम्ही कायम एकाच दुकानाचं माशांचं सूप घ्यायचो. सूप यथातथाच होतं. मी एकदा तसं म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "सूप वाईटच आहे. पण त्याचा पंखा ऐक." त्या दुकानातला धूर ओढणारा पंखा एका सुरात, अजिबात न हलता घुमायचा. "इतका वेळ एकच सूर धरणं मला कधी जमलं नाही," त्या म्हणाल्या, आणि पंख्याकडे आदराने बघत सूप संपवलं. दुकानदार काका लांबूनच ओरडायचे, "आंटी, सेम-सेम लाह?" म्हणजे नेहमीचंच ना. त्याला मात्र त्या मान डोलावायच्या. पंख्याचा मालक म्हणून असेल.

अशी एक लहरी बाई, एवढंच मला वर्षभर माहीत होतं. मग एका शनिवारी ऑफिसातला एक जपानी सहकारी माझा चार्जर द्यायला घरी आला. बाईंनी दार उघडलं. तो त्यांच्याकडे बघतच राहिला आणि मग इतका खाली वाकला, की मला वाटलं त्याचं काही पडलं. दोघं जपानीत थोडंसं बोलले. तो आत न येताच गेला आणि खालून त्याने मला फोन केला.

"तुला माहीत नाही त्या कोण आहेत? माझी आई भांडी घासताना त्यांचं गाणं म्हणायची. आमच्याकडे सगळ्यांच्याच आया म्हणायच्या."

मी फोन ठेवून बाहेर आले. बाई माझा निळा कुर्ता पसरत होत्या.

"तुम्ही गायिका होतात?"

"हो, ती मी होते," बाई म्हणाल्या, जणू काही शेजारच्या कुणाबद्दल सांगतायत. "त्याला मी विचारलं, तुझ्या आईला वरचा सूर लागायचा का? म्हणाला, तिथे तिचा आवाज फाटायचा. चांगली बाई असणार."

बाकीचं मला पुढच्या काही महिन्यांत तुकड्यातुकड्यांनी कळलं, बहुतेक इस्त्री चालू असताना. उत्तरेकडच्या एका बंदरगावात त्यांच्या आईचं केस कापायचं दुकान होतं. खुर्चीत बसलेले खलाशी जे सांगायचे, त्याची ही मुलगी गाणी करायची. विशीच्या आत ती टोकियोला गेली. एका कंपनीने तिला घेतलं, तिचं नाव बदललं, दात सरळ करून घेतले. पहिली काही गाणी पडली. मग तिने एक गाणं लिहिलं: एक मुलगी कुणाला तरी निरोप द्यायला धक्क्यावर येते, पण पोचेपर्यंत बोट सुटलेली असते, आणि तिला वाईट वाटायच्या ऐवजी हलकं वाटतं. ध्रुवपदाचा शेवटचा शब्द होता 'मात्ते', म्हणजे 'थांब'. तो शब्द एकदम वर उडी मारायचा, सगळ्या गाण्यापासून सुटून वर जायचा. त्या उडीने गाणं देशभर गेलं.

"मला ते गाणं गमतीचं वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "तोंडाने थांब म्हणते, पण मनातून तिला बोट थांबायला नकोच आहे. लोकांनी रडायचं ठरवलं."

मग टीव्हीवर त्यांना पांढरा झगा घालून पुठ्ठ्याच्या बोटीत उभं करायला लागले. पियानो काढून घेतला, कारण त्याच्यामागे चेहरा झाकतो. नवीन गाणं नेलं, की कंपनी विचारायची, यात उडी कुठे आहे? काही वर्षांनी घशात गाठी आल्या, शस्त्रक्रिया झाली, आणि वरचे सूर गेले ते गेलेच. पण कार्यक्रम ठरलेले होते. तेव्हा कंपनीने जुनं ध्वनिमुद्रण लावलं आणि बाईंना त्यावर नुसते ओठ हलवायला सांगितलं. बाईंनी ते केलं. बराच काळ केलं.

"माझीच नक्कल करत होते मी," त्या म्हणाल्या. "आणि ती नक्कल वाईट होती."

त्यातून त्या निसटल्या सिंगापूरला. इथल्या एका हॉटेलात जपानी व्यापाऱ्यांसाठी संध्याकाळी पियानो वाजवायची नोकरी होती. तिथे एक इंजिनियर यायचा, इथल्याच तुआस बंदराच्या गोदीत जहाजांच्या इंजिनांवर काम करणारा. बाई कोण हे त्याला माहीत नव्हतं. जपानी व्यापारी 'ते' गाणं मागायचे, बाई कसंबसं रेटायच्या, लोक टाळ्या वाजवायचे. एकदा हा इंजिनियर पियानोपाशी आला आणि म्हणाला, की तुम्ही त्या शब्दाला दर वेळी गप्प का होता? गोदीतल्या आवाजाने त्याचे कान अर्धे गेले होते. वरचे सूर त्याला ऐकूच यायचे नाहीत.

"त्याला माझा खालचा आवाज तेवढा ऐकू यायचा," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, याच्याशी लग्न करावं."

हे सांगताना त्या माझ्या ओढणीची गोंड्याची बाजू सोडवत होत्या. हात चालूच होता.

आता खरी हकिकत. मी त्यांच्याकडे राहायला लागून तीनेक वर्षं झाली असतील. टोकियोहून त्याच कंपनीचा एक माणूस त्यांना भेटायला आला. चाळिशीचा, अतिशय सभ्य, मिठाईचा खोका दोन्ही हातांनी पुढे करणारा. विमानात त्याचा लिननचा कोट चुरगळला होता. बाईंनी मिठाईकडे पाहिलंही नाही, कोट मागून घेतला. तो बिचारा शर्टाच्या बाह्या सावरत सोफ्याच्या कडेवर बसला आणि जपानीत बोलायला लागला. मी उठून जाणार, तर बाईंनी इस्त्रीनेच मला बसायची खूण केली, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर मला इंग्रजीत सांगायला लागल्या. मी त्यांची वकील असल्यासारखी.

"हा म्हणतोय, परदेशातली तरुण मुलं इंटरनेटवर माझी जुनी गाणी ऐकतात."

"हा म्हणतोय, टोकियोत मोठा कार्यक्रम आहे. माझ्या वेळचे बरेच जण आहेत. मी यावं."

"मी विचारलं, नवीन गाणं गाऊ का? हा म्हणतोय, लोकांना जुनंच हवंय."

कोटाची पाठ झाली, बाह्या झाल्या.

"मी म्हटलं, मला आता वरचा सूर लागत नाही. हा म्हणतोय, काळजी नको, तेवढा भाग टेपवरून येईल. मी फक्त..." बाई थांबल्या. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. मग तोंड उघडून, आवाज न करता, मला दाखवलं.

त्या माणसाला इंग्रजी कळत असावं, कारण त्याने मान खाली घातली. बाईंनी कोट त्याच्या अंगावर चढवला, खांद्यावरून हात फिरवून नीट बसवला आणि जपानीत एकच शब्द बोलल्या. त्याचं भाषांतर त्यांनी केलं नाही, पण मला कळलं.

तो गेला त्या दिवसापासून बाईंनी इस्त्री बंद केली.

मला आधी वाटलं, चार दिवस राग राहील. पण आठवडे गेले. दारात उभं राहून कुणी चुरगळलेलं मागेना. मी मुद्दाम साडी सोफ्यावर बोळा करून टाकून ठेवली, ती तिथेच राहिली. पियानोवर वर्तमानपत्रं साठली. मी कुकर लावायचे, बाई खोलीतून बाहेर यायच्या नाहीत. एकदा लिफ्टपाशी त्या उतरलेल्या घंटेच्या लिफ्टमध्ये मुकाट्याने शिरल्या, तेव्हा मला भीती वाटली. मी म्हटलं, "बाई, तुम्ही नाही म्हणालात ते बरोबरच केलंत."

"नाही म्हणणं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "पण तो खोटं बोलत नव्हता. लोकांना ती उडीच हवी आहे. ती माझ्याकडे नाही. मग माझ्याकडे आहे काय?"

याच सुमारास आई पुण्याहून माझ्याकडे महिनाभर राहायला आली. आई पोस्टातून निवृत्त झालेली, खणखणीत आवाजाची आणि पूर्ण बेसूर. हे मी प्रेमाने सांगते. आमच्या घरात तिला कुणी कधी गाऊ नको म्हटलं नाही, कारण तिने ऐकलंच नसतं. ती भाजी निवडताना गाते, केर काढताना गाते, आणि एका ओळीत तीन घरं फिरून येते. विमानतळावरून येतानाच मी तिला समजावलं, की बाईंचा कान फार तयार आहे, घरात जरा बेताने.

"मी काय गाते का कधी?" आई म्हणाली. तिला खरंच तसं वाटतं.

आईने पहिल्याच सकाळी बाईंना 'ताई' अशी हाक मारली. बाई चमकल्या आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा हसल्या. मला म्हणाल्या, "तुझी आई मला मासा म्हणतेय." जपानीत 'ताई' हा एक मासा आहे, शुभकार्याला करतात तो. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग चांगलंच की. शुभकार्याला लागतात त्या." दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या दिवसभर बोलायच्या. आई मराठीत, बाई जपानीत, मधूनच दोघींना येणारा एखादा इंग्रजी शब्द. मी ऑफिसातून आले की दोघी मला वेगवेगळ्या गोष्टी सांगायच्या आणि दोघींचं म्हणणं असायचं, की समोरचीला सगळं कळलं.

मग गणपती आले. आम्हा काही मराठी घरांचा मिळून एक गणपती एका मित्राच्या काँडो सोसायटीत बसायचा. आईने हट्टाने बाईंना नेलं. आरतीला लहानथोर सगळे जमलेले, इथे वाढलेली मुलं शब्द मोबाइलवर बघून म्हणणारी, बँकेतले काका टिपेला, कुणी खर्जात, आणि या सगळ्यांच्या वरून माझी आई, तिच्या स्वतःच्या पट्टीत. बाईंच्या हातात कुणीतरी झांजा दिल्या. लिफ्टची घंटा उतरली तर सहन न करणाऱ्या बाई त्या कल्लोळात डोळे मिटून उभ्या होत्या आणि झांजा मात्र चोख वाजवत होत्या.

परतताना मेट्रोत, एमआरटीत, मी म्हटलं, "बाई, माफ करा. कानाला फार झालं ना?"

"तुम्ही सगळे गाताना शेवटी पळत का सुटता?" त्यांनी विचारलं.

"कुणास ठाऊक. प्रसादाची घाई असेल."

पुढे दोन स्टेशनं त्या मांडीवर बोटांनी झांजांचा ताल धरत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुणीच कुणाच्या सुरात नव्हतं. आणि कुणीच थांबलं नाही."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत होती आणि गात होती. बाई बाहेर आल्या, स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या आणि ऐकायला लागल्या. आई गातच राहिली. थोड्या वेळाने बाईंनी कळकळीने विचारलं, "व्हॉट की?"

की म्हणजे पट्टी. गाणं कुठल्या सुरावरून सुरू करतेस, असं त्यांना विचारायचं होतं. आईने मेथीचे हात पदराला पुसले, उठली, पर्समधून फ्लॅटची किल्ली काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली. "ही घ्या. हरवली का तुमची?"

बाई त्या किल्लीकडे बघत राहिल्या. मी सांगायला पुढे झाले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं. मग त्या इतक्या हसल्या, की आईही हसायला लागली, का ते न कळता. हसता हसता बाई डोळे पुसायला लागल्या आणि पुसतच राहिल्या. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "यांना चहा टाक."

चहा पिऊन बाई पियानोपाशी गेल्या. वर्तमानपत्रं जमिनीवर ठेवली आणि धक्क्याचं ते गाणं लावलं. मी ते त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. आधी त्यांनी मूळच्या पट्टीत दोन ओळी वाजवल्या, मग खाली आल्या, आणखी खाली आल्या. जिथे आवाज आपोआप बसला, तिथे थांबल्या. गाणं संथ झालं. पण एवढं उतरवूनही 'मात्ते' गळ्याला लागेना, ती उडी होतीच तेवढी मोठी. त्या पुन्हा पुन्हा तिथपर्यंत यायच्या आणि थांबायच्या. आई आतून म्हणाली, "छान चाललंय की, थांबतायत कशाला?"

संध्याकाळी मी बाहेर आले, तर टेबलावर इस्त्री तापलेली. बाई आईच्या साड्या इस्त्री करत होत्या. सगळ्या.

त्या आठवड्यात त्यांनी टोकियोला फोन केला. माझ्यासमोरच. नंतर मला सांगितलं, "मी म्हटलं, गाईन. माझ्या आजच्या पट्टीत. टेप नको, बोट नको, पियानो मीच वाजवणार. आणि आधी एक नवीन गाणं."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, विचारून सांगतो. म्हणजे नाही."

टोकियोच्या कार्यक्रमाला नाहीच झाली. पण तो माणूस काही महिन्यांनी परत आला. या वेळी त्याने कोट आणलाच नव्हता. सिंगापुरात बाईंच्या गाण्यांचे वेडे असलेले तरुण पुष्कळ निघाले होते. त्यांच्यासाठी इथल्या एका लहान सभागृहात, रविवारी दुपारी, बाईंच्या सगळ्या अटी मान्य करून कार्यक्रम करायला कंपनी तयार आहे, असं त्याने सांगितलं. बाईंनी त्याला विचारलं, "कोणी कबूल केलं हे?" तो म्हणाला, "मी. वर अजून सांगितलेलं नाही." बाईंनी त्याच्या मिठाईचा खोका उघडला आणि पहिला तुकडा त्याला दिला.

आई पुण्याहून मुद्दाम पुन्हा आली. सभागृहातल्या गारठ्याला शाल घेऊन, बाईंनी इस्त्री केलेली जांभळी इरकली नेसून ती माझ्याशेजारी बसली. आजूबाजूला बहुतेक विशीतली मुलं, बाईंचं गाणं गाजलं तेव्हा जन्मलेलीही नसतील. चिनी, मलय, थोडे जपानी. त्यांच्या हातांत जुन्या रेकॉर्डांची वेष्टनं, त्यांवर पांढऱ्या झग्यातली एक मुलगी.

बाई आल्या त्या करड्या सुती झग्यात, एका कानावर केस लांब. टाळ्या जराशा अडखळल्या. बाई सरळ पियानोवर बसल्या आणि नवीन गाणं सुरू केलं. लोक चुळबुळले. कुणी खोकलं, कुणी फोन चाळला. बाई आपल्या खालच्या आवाजात, बोलल्यासारखं, गातच राहिल्या. दुसऱ्या अंतऱ्याच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, की खोकले थांबलेत.

मग धक्क्याचं गाणं. ओळखायला लोकांना दोन ओळी लागल्या, इतकं ते खाली आणि संथ होतं. ओळखल्यावर सभागृहातून एक हलकी लाट गेली. ध्रुवपद आलं. त्या शब्दापाशी बाई काय करणार हे मला माहीत नव्हतं. घरी त्यांनी दार लावून तालीम केली होती. बाईंनी 'मात्ते' म्हटलं, पण वर नाही गेल्या. पायरी पायरीने खाली उतरल्या, शांतपणे, धक्क्यावरून घरी निघाल्यासारखं.

आणि त्याच क्षणी सगळं सभागृह वर गेलं. त्या पोरापोरींना ती उडी तोंडपाठ होती. त्यांनी ठरवलं नव्हतं काही, सवयीने त्यांचे आवाज वर सुटले, कुणाचे लागले, कुणाचे फाटले. वर त्यांचा सूर आणि खाली बाईंचा, आणि दोन्ही एकमेकांत असे बसले, की जणू गाणं पहिल्यापासून तसंच लिहिलेलं होतं. बाईंचे हात पियानोवर क्षणभर थबकले. मग त्या पुढे गायल्या. दुसऱ्या वेळी शब्द आला, तेव्हा त्यांनी चेहरा वर केला आणि वाट पाहिली. माझ्याशेजारी आईही गायली. ती वरही नव्हती आणि खालीही नव्हती.

टॅक्सीत बाई मागे आमच्या दोघींच्या मधे बसल्या. टॅक्सी हमरस्त्याला लागली. मग त्या म्हणाल्या, "दिवे डोळ्यांवर होते, मला काही दिसत नव्हतं. पण तुझी आई कुठे बसली आहे ते कळलं."

मी आईला मराठीत सांगितलं. आई खूश झाली. "मी म्हटलंच, ताईंना ऐकू जाईल."

मी सिंगापूर सोडून पुण्याला आले त्याला आता काही वर्षं झाली. त्या दुपारनंतर बाई मधूनमधून लहान कार्यक्रम करायला लागल्या. मी निघाले तेव्हा त्या पुढच्या कार्यक्रमाच्या तालमीत होत्या आणि मला सोडायला ब्लॉकच्या दारापर्यंतच आल्या. आईला त्या अजून फोन करतात. काय बोलतात, ते मला दोघीही सांगत नाहीत.

पण त्या दुपारी टॅक्सीत मी एक विचारून घेतलं होतं, ते बरं झालं. मी म्हटलं, "बाई, लोक वरचा सूर घेतील हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी मान हलवली. खिडकीबाहेर झाडं मागे जात होती.

"नाही. वरची जागा मी रिकामी सोडली होती," त्या म्हणाल्या. "ती रिकामीच राहणार, असं धरून गायला बसले होते."

आणि मग, मी पुढे काही विचारणार तोच, त्यांनी डोळे मिटून डोकं आईच्या खांद्यावर टेकलं. आईने आपली शाल सोडवून दोघींवरून घेतली.